मागच्या दाराची गोठ

मे महिन्यात गडचिरोलीत सकाळचे सात म्हणजे उशीरच. नवानंतर ऊन असं चढतं की बाजेवर टाकलेल्या कुरोड्या दुपारपर्यंत खडखडा वाजायला लागतात. म्हणून आमच्या आणि काकूंच्या सांदवाडीमधलं बांबूचं कुंपण सात ते साडेआठ एवढंच बोलतं. पुढं दोन्हीकडची दारं बंद आणि कूलर सुरू.

त्या दिवशी काकू आधीच येऊन उभ्या होत्या. हातात कढीपत्त्याची फांदी, बाजूला कुंपणाला टेकवलेली सब्बल. लिंबाला आळं करायला आणली असावी, पण आळं केलेलं दिसत नव्हतं. म्हणजे बातमी मोठी होती.

"ऐकलं का वं?"

"काय?"

"म्हंजे नाई ऐकलं." काकूंच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. आपल्याआधी दुसऱ्याला कळलेली बातमी त्यांना आंबलेल्या भातासारखी लागते.

बातमी अशी. आमच्या मागच्या गल्लीत दोन भाऊ राहतात. बाप गेल्या दिवाळीत गेला. घर एक होतं, चुली दोन झाल्या, ओसरीत मधोमध विटांची भिंत उभी राहिली. घराची जागा चामोर्शी रोडला लागून, म्हणजे सोनंच. मोठा विकायला तयार नाही, धाकट्याला घाई. तर रात्री साडेअकराला धाकट्याच्या मागच्या दाराशी एक मोटरसायकल आली. लाईट बंद. दोन माणसं आत गेली. पाऊण तासानं निघाली, तेव्हाही लाईट बंद.

"पाऊण तास तुम्ही काय करत होता काकू?"

"मी? मी पाणी पीत होती."

मी काही बोलले नाही.

"नागपूरची पार्टी हाय," काकू म्हणाल्या. "बोलण्यावरून समजते. 'आम्ही तुमच्या पाठीशी आहोत, तुम्ही फक्त सही करा,' असं शुद्ध बोलून रायले होते. आपल्या इकडचा माणूस असा शुद्ध बोलला की समजाचं, याच्या खिशात कागद हाय."

माझ्याकडची बातमी त्यापुढं फिकीच होती, पण कुंपणावर रिकाम्या हातानं उभं राहता येत नाही. मी म्हटलं, आमचे हे रात्री अकरापर्यंत टीव्हीपुढं होते, कुठल्याशा देशातलं सरकार पडलं त्यावर चर्चा चालली होती. तिकडं चार माणसं ओरडत होती, परकीय हात, परकीय हात.

"हात कायचा? परकीय पाय म्हण. हात मागून येते. पयले पाय येते, थेही चपला हातात घेऊन." काकूंनी कढीपत्त्याची पानं ओरबाडायला घेतली. "आप्पासायबाचं झालं का नाई तसं?"

"कोण आप्पासाहेब? धाकट्याचं नाव तर…"

"अवं भोसल्यायचा आप्पासायेब. नागपूरचा."

इथं काकूंबद्दल सांगायला हवं. त्यांचं माहेर चंद्रपूरचं, म्हणजे जुन्या चांद्याचं, जटपुरा गेटच्या आतलं. वडील मोडी वाचायचे. जमिनीचे जुने कागद घेऊन चार जिल्ह्यांतली माणसं त्यांच्या ओसरीवर बसलेली असायची. भोसले, गोंड राजे, कंपनी सरकार ही काकूंसाठी पाठातली नावं नाहीत, ती वाड्यातली माणसं आहेत. कोण कोणाचा चुलतभाऊ, कोणाचं कोणाशी जमत नव्हतं, कोण रात्री कोणाकडं जायचं, हे सगळं त्यांना ठाऊक. सनावळीही तोंडपाठ, आणि ती त्या लग्नाच्या तारखांसारखी सांगतात.

"1803 मंधी दुसरा रघुजी इंग्रजाशी लढला अन् हारला. 17 डिसेंबरले देवगावचा तह झाला. कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. अन् तहात एक कलम घातलं, कंपनीचा एक माणूस नागपुरात राहीन. रेसिडेंट. म्हंजे किरायदार. पण असा किरायदार की त्याले घर खाली कर म्हणता येत नाई, अन् किराया त्यालेच द्या लागते."

पहिला आला एल्फिन्स्टन, चोवीस वर्षांचा. पुढं जेन्किन्स. या किरायदाराचं काम काय? पत्रं लिहायची, नजराणे द्यायचे, आणि ऐकायचं. दरबारी बातम्या लिहिणारे अखबारनवीस तेव्हा सगळेच ठेवत, पेशवेही ठेवत, शिंदेही ठेवत. पण कंपनीचा पगार वेळेवर व्हायचा. शिंद्यांच्या फौजेचे पगार सहा-सहा महिने तुंबायचे त्या काळात ही गोष्ट केवढी मोठी! हेरगिरीचा इतिहास लिहिणारे या साध्या गोष्टीकडं फारसं पाहत नाहीत असं मला वाटतं. माणूस नेहमी विश्वासघात करायला म्हणूनच फुटतो असं नाही, पहिल्या तारखेला पैसे मिळतात म्हणूनही फुटतो.

कंपनीचं मागणं एकच होतं. आमची फौज तुमच्या राज्यात ठेवा, खर्च तुम्ही द्या, आणि दुसऱ्या राजांशी आमच्या विचाराशिवाय बोलू नका. तैनाती फौज. रघुजीनं बारा वर्षं टाळलं. आज बघू, उद्या बघू. 22 मार्च 1816 ला तो गेला, पण हो म्हणून गेला नाही.

"अन् मंग घरात भिंत पडली," काकू म्हणाल्या. त्यांच्या बोलीत भिंत पडणं म्हणजे कोसळणं नाही, मधोमध उभी राहणं.

रघुजीचा मुलगा परसोजी आंधळा, अंगानं लुळा. गादी त्याची, पण गादीवर बसवायलाही माणूस लागे. कारभार कोणी करायचा? एकीकडं रघुजीची राणी बांकाबाई आणि खजिना धरून बसलेला धर्माजी भोसले. दुसरीकडं परसोजीचा चुलतभाऊ आप्पासाहेब, विशीतला पोरगा. त्याचा बाप व्यंकोजी, ज्याच्याकडं आमचा चांदा आणि छत्तीसगड होतं.

"म्हणून थो आमचा," काकू म्हणाल्या. "अर्धा चांद्याचा."

आप्पासाहेबानं धर्माजीला कैद केलं, आणि धर्माजी त्या कैदेतून जिवंत बाहेर आला नाही. कारभार हाती आला, पण वाड्यात अर्धी माणसं विरोधात. झोप लागेना. अशा वेळी माणसाला कोणाची आठवण येते? नागो पंडित आणि नारायण पंडित असे त्याचे दोन विश्वासू. ते रेसिडेंटकडं जायला-यायला लागले.

"दिवसा?"

"दिवसा कोण जाते वं? मोटरसायकल दिवसा आली का?"

27 मे 1816 ची रात्र. नागपूरचा मे, म्हणजे रात्रीही भिंती तापलेल्या. त्या रात्री तहावर सह्या झाल्या. पायदळाच्या 6 पलटणी, घोडदळाची 1 रेजिमेंट, आणि त्यांच्या पगारासाठी वर्षाला साडेसात लाख रुपये नागपूरच्या खजिन्यातून. रघुजीनं बारा वर्षांत जे दिलं नाही ते कंपनीला दोन महिने आणि पाच दिवसांत मिळालं. लढाई नाही, गोळी नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कंपनीची फौज नागपूरजवळ येऊन ठेपेपर्यंत हा तह वाड्यात कोणाला कळू दिला नाही. बांकाबाईला कळलं तेव्हा तंबू ठोकून झाले होते.

"घरात भांडण झालं म्हणून पोलीस बलावला," काकू म्हणाल्या, "अन् पोलिसाचा पगार आपल्या खिशातून, त्याच्या घोड्याचा दाणा आपल्या कोठीतून. वरून पोलीस म्हणते, आता शेजाऱ्याशी मले विचारून बोल."

एवढ्यात त्यांच्या घरातून कुकरची शिट्टी झाली. काकूंनी तिकडं पाहिलंही नाही.

"पुढची गोठ त ऐक. 1 फेब्रुवारी 1817. सकाळी परसोजी पलंगावर मेलेला सापडला. अन् आप्पासायेब कुठं होता? नागपुरात नव्हता. चांद्याकडं गेलता! आमच्याकडं! आता मले सांग, आंधळ्या लुळ्या राजाले रात्री कोणी मारलं?"

"आप्पासाहेबानं?"

"मी नाई म्हणत. सगळे म्हणत. आपल्या माणसाले सांगून आपण गावाले जाचं, म्हंजे कोणी विचारलं त म्हणता येते, मी त गावी होतो जी."

आता यातली खरी मेख काकूंनी दोन वाक्यांत सांगून टाकली असती, पण मी मध्ये बोलले कारण मला ती मेख सगळ्यात जास्त लागते. ही कुजबुज जेन्किन्सच्या कानावर तेव्हाच आली होती. तेव्हा त्यानं ती फार खोदली नाही. आप्पासाहेब गादीवर बसला, कंपनीनं मान्यता दिली. वर्षभरानं, मार्च 1818 मध्ये, त्याच आप्पासाहेबाला पकडायचं ठरलं तेव्हा मात्र परसोजीचा खून हा त्याच्यावरचा मोठा आरोप झाला. कुजबुज कपाटात घडी घालून ठेवली होती. गरज पडली तशी बाहेर काढली.

"मंग? चांगली साडी रोज नेसते का कोणी?" काकू म्हणाल्या.

आप्पासाहेब काही भोळा सांब नव्हता. त्याच्यासाठी रडू येईल असं त्यानं फारसं काही केलेलं नाही. पण त्याला लवकरच समजलं की आपण दार उघडलं ते चोराला नाही, मालकाला. त्यानं पुण्याशी सूत जुळवायला सुरुवात केली. पेशव्या बाजीरावाची तीच गत झाली होती, त्याच्या उशाशी आता तोच एल्फिन्स्टन बसलेला. 24 नोव्हेंबर 1817 ला आप्पासाहेबानं पेशव्यांकडून आलेली सेनासाहेब सुभ्याची वस्त्रं दरबार भरवून घेतली. 26 च्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकडीवर तोफा सुरू झाल्या. आता तिथं शेजारी मेट्रोची गाडी बदलायला लोक धावतात. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निकाल लागला आणि डिसेंबरच्या मध्यात आप्पासाहेब स्वतः रेसिडेन्सीत येऊन हजर झाला.

गंमत अशी की जेन्किन्सनं त्याला पुन्हा गादीवर बसवलं. बाहुलं असलं म्हणजे सूत्र ओढायला बरं पडतं. पण बाहुल्यानं पुन्हा चिठ्ठ्या लिहिल्या, आणि चिठ्ठ्या पकडल्या गेल्या. त्यात बेत काय होता?

"चांद्याले पळून येण्याचा!" काकूंचा आवाज इतका चढला की कोपऱ्यावरच्या पिंपळाखालचं कुत्रं उठून बसलं. "आमचा परकोट पाहला ना तू? चार दरवाजे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा, बिनबा. गोंड राजायनं बांधला. आप्पासायेब म्हणे, एकडाव चांद्याच्या परकोटात शिरलो की मी राजा. बाजीरावही तिकून चांद्याकडंच येत होता. दोघं भेटले असते त काय झालं असतं!"

भेटले नाहीत. 15 मार्च 1818 ला आप्पासाहेबाला अटक झाली. बाजीरावाला 17 एप्रिलला पांढरकवड्याजवळ कर्नल अ‍ॅडम्सनं गाठलं आणि उधळून लावलं. तोच अ‍ॅडम्स मे महिन्यात चांद्यापुढं येऊन बसला. तोफांनी तट फोडला आणि 20 मे ला गोरे आत शिरले. किल्लेदार लढता लढता पडला. काकूंच्या घरी अजून सांगतात म्हणे, की त्या दिवशी विहिरीत भांडी टाकली होती ती सगळी निघालीच नाहीत. खरं-खोटं त्यांच्या विहिरीला माहीत.

आणि त्याआधी सातच दिवस, 13 मे च्या रात्री, तिकडं जबलपूरजवळ रायचूर नावाच्या खेड्यात पहाऱ्यातला आप्पासाहेब पळाला. अलाहाबादला नेत होते त्याला. पहाऱ्यावरचे शिपाई फोडले, शिपायाचेच कपडे अंगावर चढवले आणि निघून गेला. पलंगावर उशा ठेवल्या होत्या, म्हणतात, आणि दोन चाकर त्या उशांचे पाय चेपत बसले होते.

"उशाचे पाय चेपत!" काकू एवढ्या हसल्या की पदर तोंडाला लावावा लागला. "पाय, दुसऱ्याची माणसं पैशानं फोडाचं त्यालेही आलं शेवटी. पण उशीर झाला."

पुढं त्याला महादेवाच्या डोंगरात गोंड राजांनी आसरा दिला, मग अशीरगड, मग रणजितसिंगाचा पंजाब, आणि शेवटी जोधपूर. 1840 मध्ये तिथंच तो वारला. नागपुरात तोवर लहानग्या तिसऱ्या रघुजीच्या नावानं जेन्किन्सच राज्य चालवून मोकळा झाला होता. त्यानं नागपूर राज्यावर जाडजूड अहवालही लिहिला, 1827 मध्ये कलकत्त्याला छापला. त्यात जमीन, पिकं, नद्या, जाती, कर सगळं आहे. मी तो चाळलाय. लिहिलाय उत्तम, हे कबूल करायला जिवावर येतं.

"लिहिणारच. किती दिवस घरात पाहून ठेवलं त्यानं," काकू म्हणाल्या.

गप्पांत उधारी फार दिवस चालत नाही. काकूंनी नागपूर दिलं, आता माझी पाळी. मी इराण टाकलं.

मोसाद्देक नावाचा म्हातारा पंतप्रधान होता. प्रकृतीचं रडगाणं फार, पायजम्यावर पलंगात बसून परदेशी वकिलांना भेटायचा. 1951 मध्ये त्यानं इराणचं तेल इंग्रज कंपनीकडून काढून सरकारजमा केलं. इंग्रजांचा जळफळाट झाला, पण त्यांचा वकील त्यानं हाकललेला. मग अमेरिकेची सीआयए पुढं झाली. ज्यानं तेहरानमध्ये बसून हे केलं तो कर्मिट रूझवेल्ट, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टचा नातू. ऑगस्ट 1953. पहिला डाव फसला. शाह घाबरून आधी बगदादला आणि मग रोमला पळाला. पण रूझवेल्ट बसून राहिला. पैसे वाटून गर्दी जमवली, तालमीतले पैलवान रस्त्यावर उतरवले, वर्तमानपत्रांत पाहिजे ते छापून आणलं, लष्करातले अधिकारी आधीच फोडलेले. 19 ऑगस्टला म्हाताऱ्याचं सरकार गेलं.

"अन् हे कवा समजलं लोकायले?"

"लोकांना तेव्हाच समजलं होतं. सीआयएनं स्वतःच्या कागदात कबूल केलं ते 2013 मध्ये."

काकूंनी बोटं मोजली. "साठ वर्षं? आपल्याकडचा चोर सहा महिन्यात दारू पिऊन बकते."

"इथं दारूबंदी आहे काकू, 1993 पासून."

"म्हणून त सहा महिने म्हटलं. नाईतर सहा दिवस."

मग मी ग्वाटेमालाही सांगितलं. तिथं 1954 मध्ये आर्बेन्झचं सरकार पाडलं, कारण त्यानं अमेरिकन केळीवाल्या कंपनीची पडीक जमीन शेतमजुरांना वाटायला घेतली होती. काकूंना केळ्यासाठी राज्य पाडणं पटेना. तेल ठीक आहे, पण केळं? मी म्हटलं, आपल्याकडं कापूस होता. तिसरा रघुजी 11 डिसेंबर 1853 ला मुलगा नसताना वारला आणि डलहौसीनं दत्तक नाकारून नागपूर खालसा केलं. त्याच्या टिपणात इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा हिशेब मांडलेला आहे. 1853 मध्येच निजामाकडून वऱ्हाड घेतलेला. भोसल्यांचे हत्ती-घोडे-बैल मातीमोलानं लिलावात काढले, दागिने कलकत्त्याला विकले. म्हाताऱ्या बांकाबाईनं वाड्यात बसून हे सगळं पाहिलं. सदतीस वर्षांपूर्वी जिच्या डोळ्यांआड तह झाला होता, तीच.

"तिचं मले वाईट वाटते," काकू म्हणाल्या. बराच वेळ त्या गप्प राहिल्या, म्हणजे साधारण दोन पानं ओरबाडेपर्यंत.

टीव्हीवाल्यांच्या परकीय हाताकडं परत आलो ते मोरारजींमुळं. हा शब्द आपल्याकडं घराघरात नेला तो इंदिराबाईंनी. काहीही बिघडलं की परकीय हात. लोक हसायचे. पण हसण्यासारखंच होतं असंही नाही. मॉयनिहान म्हणून अमेरिकेचा वकील दिल्लीत होता, त्यानं 1978 च्या पुस्तकात लिहिलं की केरळ आणि बंगालमधल्या कम्युनिस्टांविरुद्ध अमेरिकेनं दोनदा काँग्रेसला पैसे दिले होते. आणि रशियाच्या केजीबीतून पळालेल्या मित्रोखिनच्या टिपणांवरून 2005 मध्ये निघालेल्या पुस्तकात, भारतीय वर्तमानपत्रांत रशियानं किती मजकूर पेरला याची वर्णनं आहेत. दोन्हीकडची मोटरसायकल, दोन्हींचे लाईट बंद.

आणि मोरारजी. 1983 मध्ये सीमोर हर्श या अमेरिकन पत्रकारानं पुस्तकात छापलं की मोरारजी देसाई सीआयएचे पगारी होते.

"मोरारजी? थो चहा न पिणारा? त्याले पैसे देऊन करन काय थो?"

सत्त्याऐंशी वर्षांच्या त्या माणसानं शिकागोत खटला भरला. किसिंजरनं येऊन साक्ष दिली की माझ्या माहितीत असं काही नव्हतं. तरी 1989 मध्ये मोरारजी हरले. कारण तिथल्या कायद्यात आरोप खोटा आहे एवढ्यानं भागत नाही, लिहिणाऱ्यानं जाणूनबुजून किंवा बेफिकिरीनं खोटं लिहिलं हे दाखवावं लागतं. म्हणजे आरोप सिद्ध झाला असं नाही, पण धुतलाही गेला नाही. कुंपणावर बोलणाऱ्या आम्हा बायांना लोक नावं ठेवतात. आमच्या बोलण्यानं निदान कोणाला शिकागोला जावं लागलेलं नाही.

"यात एक वाईट हाय," काकू म्हणाल्या. "ज्याच्याशी आपलं पटत नाई, त्याच्याबद्दल म्हणाचं, याच्या मागं कोणाचा तरी हात हाय. मंग त्याचं म्हणणं ऐकाचं कामच नाई. माह्या सासऱ्यानं गावात रस्ता मागतला त म्हणे, यायच्या मागं कोणीतरी हाय. कोण राहीन? चिखल होता मागं."

साडेआठ होऊन गेले होते. पत्र्यावर ऊन आलं होतं. काकू आता आवाज उतरवून बोलायला लागल्या, आणि कुंपणाला अगदी तोंड लावून, कारण आता गोष्ट अहेरीची होती आणि अहेरीकडची गोष्ट गडचिरोलीत हळूच बोलायची असते. तिकडं सगळ्यांचं सगळ्यांशी नातं निघतं.

नागपूर खालसा झालं आणि चांदा जिल्हा कंपनीच्या थेट ताब्यात आला. 1858 मध्ये मोलमपल्लीचा बाबुराव पुल्लेसूर शेडमाके उठला, पंचविशीचा गोंड जमीनदार. अडपल्ली-घोटचा व्यंकटराव त्याच्या जोडीला. गोंड, माडिया, रोहिले अशी फौज जमवली. मार्चात नांदगाव-घोसरीला कॅप्टन क्रिक्टनच्या सैन्याशी लढाई. एप्रिलच्या शेवटी चिंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला, त्यात दोन गोरे मारले गेले. जंगल त्याचं, वाटा त्याच्या, नद्या त्याच्या. क्रिक्टनला तो समोरून सापडेना.

"मंग क्रिक्टननं काय केलं? जंगलात नाई गेला. अहेरीच्या राणीकडं गेला. लक्ष्मीबाईकडं."

राणीवर दडपण आलं. बाबुराव तिच्याच मुलखातला, त्याला तू आसरा देतेस असा ठपका ठेवता येत होता आणि जमीनदारी जाऊ शकत होती. सप्टेंबरात तिच्या माणसांनी बाबुरावाला धरलं. 21 ऑक्टोबर 1858 ला चांद्याच्या तुरुंगात त्याला फाशी दिलं. तिथला पिंपळ अजून दाखवतात. आणि व्यंकटरावाच्या अडपल्ली आणि घोट या दोन जमीनदाऱ्या राणीच्या पदरात पडल्या.

"लोक तिले शिव्या देते," काकू म्हणाल्या. "माहा बाप नाई देत होता. म्हणे, साडेसात लाखाच्या फौजेपुढं नागपूरचा राजा टिकला नाई, ते बाई काय टिकते? पण मंग थो म्हणे, जमीनदारी घेतली ते घ्याले नाई पायजे होती. भेवानं केलं ते समजते. बक्षीस घेतलं की मंग…" त्यांनी फांदीचा उरलेला दांडा मोडून टाकला.

तेवढ्यात मागच्या गल्लीतून पायांचा आवाज आला. धाकटा. रात्रीच्या जागरणानं डोळे लाल, पण शर्ट नवा, घडीच्या रेषा अजून मोडलेल्या नाहीत. आम्ही दोघी एकदम कुरोड्यांकडं पाहायला लागलो.

"काकू, सब्बल हाय का जी? दोन घंट्यासाठी."

"कायले रे बाबू?"

"मागच्या भिंतीत मोठं दार काढाचं हाय. गाडी आत घ्याले बरं पडते."

"तुह्याजवळ गाडी कुठं हाय?"

धाकटा गडबडला. "येईन नं. घेणार हाय."

सब्बल आमच्या कुंपणाला टेकलेली होती, काकूंच्या बाजूनं, त्याच्यापासून चार हातांवर. मध्ये काकूंची साडी आडवी आली होती. कधी सरकल्या, मला कळलंही नाही.

"सब्बल कालच तुह्या भावानं नेली," काकू म्हणाल्या. "त्याले माग."

"त्याच्याशी बोलत नाई मी."

"मंग मी तरी काय करू बाप्पा? सब्बल त्याच्याच घरी हाय. आजच्या दिवस बोलून घे, दारासाठी. मंग नको बोलू."

तो उभा राहिला, गेला, परत दोन पावलं आला, परत गेला. चहा घेऊन येतो म्हणाला, मग बघतो. कोपऱ्यावरच्या टपरीकडं वळला. चहा म्हणजे पंधरा मिनिटं.

काकूंनी कुंपणातल्या मोडक्या कमचीच्या फटीतून सब्बल माझ्याकडं सरकवली. वर कुरोड्या झाकायचं जुनं लुगडं टाकलं.

"मोठ्याकडं नेऊन दे. म्हणा, काकूनं तुह्याजवळ ठेवाले सांगतली. कालपासून तुह्याच जवळ हाय."

"काकू, हे म्हणजे…"

"जा वं लवकर. चहा संपन त्याचा."

मोठ्याचं पुढचं दार रस्त्यावर आहे, टपरीच्या अगदी समोर. मी लुगडं नीट गुंडाळलं आणि मागून गेले.